घाटाखालचा समुद्र : स्कूबाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मालवणजवळच्या तारकर्लीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून मेसेज थांबेनात. सांगली-साताऱ्यातून एवढी माणसं स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून समुद्राखाली, जायचं म्हणतायत हे बघून मला मनापासून आनंद झाला, आणि त्यातले काही प्लॅन वाचून थोडी काळजीही वाटली. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून परत परत आलेले प्रश्न इथे घेतलेत. मी सांगलीची, कृष्णेकाठची, आणि गेली काही वर्षं दर हिवाळ्यात घाट उतरून समुद्रात जाते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीचं जे काही खाली लिहिलंय ते वाचून आपल्या डॉक्टरांना विचारायचंच.

प्रश्न : मी लहानपणापासून कृष्णेत पोहतोय. सूर मारतो, दम धरून खाली बराच वेळ राहतो. मग मला ट्रेनिंगची काय गरज? डायरेक्ट सिलिंडर लावून खाली गेलं तर चालेल ना? (वय २४, मिरज)

भाऊ, पोहता येतं हे चांगलंच आहे, पाण्यात गेल्यावर तू निम्म्या लोकांपेक्षा कमी घाबरशील. पण जी सवय तुला नदीत वाचवते तीच तिथे घात करू शकते. नदीत आपण काय शिकतो, छाती भरून दम घ्यायचा, धरायचा, बुडी मारायची आणि वर येईपर्यंत सोडायचा नाही. स्कूबाचा पहिला नियम बरोब्बर उलटा आहे, दम कधीच धरायचा नाही, श्वास सतत चालू, गाढ झोपलेल्या माणसासारखा संथ.

कारण सांगते. दर दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, वरच्या हवेचा एक असतोच, म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथे रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या यंत्रातून, तुला जी हवा मिळते ती त्याच दाबाची असते. आता तू तिथे छाती भरून घेतलीस, सवयीने दम धरलास आणि काहीतरी बघून दचकून सरळ वर आलास, तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागणार. फुप्फुसाला तेवढी जागा नसते, ते फाटतं. आणि यासाठी दहा मीटर खाली असावंच लागतं असंही नाही, दीड-दोन मीटरवरून दम धरून वर आल्यावरसुद्धा इजा होऊ शकते. नदीत हे होत नाही कारण तिथे तू वरूनच हवा भरून नेतोस, खाली ती दबते आणि वर आल्यावर जेवढी होती तेवढीच होते.

मलाही हे डोक्याला एका तासात कळलं पण अंगाला कळायला दोन दिवस लागले. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथे शिकवायचा स्वतंत्र तलाव आहे. त्या तलावात मी गुडघ्यांवर बसलेली आणि मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन नाकाने ते बाहेर फुंकायचा सराव चाललेला, नाकाशी पाणी लागलं की मी आपोआप दम धरायची, आणि माझे बुडबुडे थांबले की सर लगेच माझ्या मास्कसमोर दोन बोटं नाचवायचे, मग परत सुस्कारा, परत बुडबुडे. असं पंचवीस-तीस वेळा झालं तेव्हा कुठे ते अंगात भिनलं.

नुसतं एकदा बघून यायचं असेल तर इन्स्ट्रक्टर हाताला धरून नेतो ती ट्रायल डाइव्ह कर, त्याला पोहता येणंही लागत नाही. पण तुझ्यासारख्याने खरं म्हणजे तीन-चार दिवस काढून ओपन वॉटर कोर्स करावा असं मला वाटतं. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं एवढी पोहण्याची परीक्षा असते, ती तुला काहीच नाही. समुद्रात चार डाइव्ह होतात आणि मग जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळतं, ते जगभर चालतं.

प्रश्न : ऑक्सिजन सिलिंडर किती वेळ पुरतो? मध्येच संपला तर? (पलूस)

आधी एक गोष्ट, तो ऑक्सिजन सिलिंडर नसतोच, सगळे तसं म्हणतात म्हणून गैरसमज झालाय. आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा, फक्त कॉम्प्रेसरने गाळून साधारण दोनशे बारच्या दाबाने भरलेली (एक बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाएवढा दाब). उलट शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली श्वासात घेतला तर तो विषारी ठरून झटके येऊ शकतात. किती पुरतो हे खोलीवर आणि माणसावर आहे. दहा मीटरवर हवा दुप्पट वेगाने संपते आणि घाबरलेला माणूस त्याहून जास्त संपवतो. उरलेली हवा दाखवणारं गेज असतं, दर थोड्या वेळाने ते बघायचं, पन्नास बार उरायच्या आत वर. प्रत्येकाकडे दुसरा जादा रेग्युलेटर असतो, सहसा पिवळ्या नळीचा, तो जोडीदाराला देता येतो.

प्रश्न : आम्ही पाच मित्र शुक्रवारी रात्री पाचगणीहून निघणार, शनिवारी सकाळी मालवणला पोचून दोन डाइव्ह, दुपारी मालवणी थाळी आणि लगेच निघून रात्री घरी. रविवारी हॉटेलवर कामाला हजर व्हायला लागतं. प्लॅन बरोबर आहे ना? (पाचगणी)

नाही. आणि हाच तो प्लॅन ज्याची मला काळजी वाटली, कारण असे सात-आठ मेसेज आलेत, सातारा, कोरेगाव, महाबळेश्वर, सगळीकडून, आणि एकालाही यात काही चूक आहे असं वाटत नाहीये. चूक रात्रभर गाडी चालवून न झोपता पाण्यात उतरण्यात आहेच, पण मोठी चूक परतीच्या घाटात आहे.

खाली दाबाखाली आपण हवा घेतो तेव्हा त्यातला नायट्रोजन रक्तात आणि अंगात विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. हळूहळू वर आलं की तो श्वासावाटे निघून जातो, पण सगळा लगेच जात नाही, त्याला तास लागतात. गोटी सोड्याची बाटली आठवा, गोटी आत ढकलली की एकदम फस्स करून बुडबुडे येतात, कारण आतला दाब अचानक कमी झाला. दाब अचानक कमी झाला की अंगातही तसेच बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातापायाला मुंग्या येतात, अंगावर चट्टे येतात, उगाच गळून गेल्यासारखं वाटतं, आणि वाईट झालं तर पाय लुळे पडण्यापर्यंत जातं. म्हणून डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही हा नियम बऱ्याच लोकांना माहीत असतो. पण विमानच कशाला, दाब कमी व्हायला उंची पुरते! आपण घाटावरची माणसं. सांगली समुद्रापासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, सातारा सातशे चाळीसच्या आसपास, तुमची पाचगणी तर तेराशेच्या घरात. म्हणजे गोव्याचा माणूस डाइव्ह करून घरी जातो तो समुद्राच्याच पातळीवर, आणि आपण घरी जातो म्हणजे डोंगर चढतो.

डॅन नावाची डायव्हरांच्या सुरक्षिततेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचे आकडे सगळीकडे मानतात. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास उंचीवर जायचं नाही. हे विमानासाठी सांगतात, पण साधारण सहाशे मीटरच्या वरची कुठलीही उंची त्यात धरतात. आंबोलीचा घाटमाथाच ६९० मीटर आहे. त्यामुळे "आम्ही सांगलीचे, आमचं गाव सखल आहे" म्हणूनही सुटका नाही, घाट तर चढावाच लागतो.

खरं आहे की मालवणला ट्रायल डाइव्ह म्हणजे बहुतेक वेळा पाच-सात मीटर आणि पंधरा-वीस मिनिटं, त्यात नायट्रोजन फार साठत नाही. पण तुम्ही दोन म्हणताय, खोली तुमच्या हातात नसते, आणि वर तेराशे मीटर चढायचंय. मग डाइव्हनंतरची रात्र तिथेच काढायला काय हरकत आहे? शुक्रवारी दिवसा जाऊन रात्री नीट झोपा, शनिवारी सकाळी डाइव्ह, दुपारी आराम, संध्याकाळी देवबागच्या संगमावर जा, कर्ली नदी समुद्राला मिळते ते बघा, रात्री आरामात जेवा, आणि रविवारी सकाळी अठरा तास भरल्यावर चहा घेऊन निघा. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा असेल तर तो डाइव्हच्या आदल्या दिवशी बघा. रविवारची सुट्टी मिळत नसेल तर ट्रिप पुढच्या महिन्यात करा, समुद्र तिथेच असणार आहे. आणि डाइव्हच्या दिवशी आणि आदल्या रात्री दारू नाही, अंगातलं पाणी कमी झालं की हा त्रास व्हायची शक्यता वाढते.

घरी पोचल्यावर वर सांगितलेलं काही जाणवलं तर अंग चेपून घेऊन झोपू नका, डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की मी अमुक तासांपूर्वी स्कूबा केलंय. यावर पहिला इलाज शंभर टक्के ऑक्सिजन असतो आणि पुढे दाबाच्या चेंबरमध्ये ठेवावं लागतं. ते वाक्य सांगितलं नाही तर पाठ अवघडली म्हणून गोळी मिळते आणि वेळ जातो.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, खूप हट्ट करतोय. (एक आई, कराड)

ताई, समुद्रातल्या डाइव्हला बहुतेक संस्था दहा वर्षं पूर्ण लागतात म्हणतात. कुणी "चालतंय की, आणा" म्हणालं तरी नेऊ नका. तोवर स्नॉर्कल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी) घेऊन द्या आणि पोहण्याचा क्लास लावा, वर्षभरात तो तयार होईल.

प्रश्न : मला चष्मा आहे, मिस्टरांना बीपी आणि थोडी दम्याची हिस्टरी. आम्ही दोघं जाऊ शकतो का? आणि कान दुखतात म्हणतात ते खरं का? (फलटण)

चष्म्याचा काही विषय नाही, नंबरचे मास्क मिळतात, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, बुकिंग करतानाच नंबर सांगून ठेवा. मिस्टरांचं मात्र डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय नको. दम्यात हवा आत अडकून बसू शकते, आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते मिरजेच्या उत्तरात लिहिलंय. डाइव्हच्या आधी एक फॉर्म भरायला देतात, दमा, हृदय, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण सगळं विचारतात. सगळीकडे नाही नाही करत टिक मारू नका, तो फॉर्म तुमच्यासाठीच असतो.

कानाचं खरं आहे. एक-दोन मीटरवरच दडा बसतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात पुट्ट होतं आणि दडा सुटतो, हे दुखायच्या आधीपासून करत करतच खाली जायचं. सुटला नाही तर थोडं वर यायचं, परत करायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्हच नाही. मी एकदा सर्दी अंगावर काढून गेले होते, बोटीवरचा माणूस म्हणाला काही होत नाही, पैसे भरलेत ना, उतरा. चार मीटरवर उजव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं तरी मी गेलेच खाली. वर आल्यावर मास्कमध्ये रक्त होतं आणि पुढचे तीन आठवडे त्या कानाला सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. त्या माणसाची चूक होतीच, पण नाही म्हणायचं माझ्या हातात होतं.

प्रश्न : मालवण, मुर्डेश्वर की डायरेक्ट अंदमान? कुठल्या महिन्यात? (विटा)

पहिल्यांदा जात असाल तर मालवण-तारकर्ली, सांगलीकडून गाडीने पाच-सहा तास. ऑक्टोबर ते मे हा सीझन, पावसाळ्यात बंद, आणि माझ्या अनुभवात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. फक्त पाणी निळंशार दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, तिथलं पाणी हिरवट असतं, कधी तीन-चार मीटरच्या पुढचं दिसत नाही, कधी आठ-दहापर्यंत दिसतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी जास्त ढवळतं, त्यापेक्षा अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत जा. कॅलेंडरवरची तिथी बघून बुकिंग करणारी माणसं फार थोडी, पण मालवणातल्या कुठल्याही रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा, तो हेच सांगेल.

कर्नाटकातल्या मुर्डेश्वरहून नेत्राणी बेट बोटीने तास-दीड तास, तिथे पाणी जास्त स्वच्छ आणि मासे जास्त, पण बोट लागते बऱ्याच जणांना, उलटीची गोळी आधीच घ्या. अंदमानला हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, तिथलं प्रवाळ आणि वीस मीटरपर्यंत दिसणारं पाणी याला तोड नाही, फक्त तिथे पहिल्यांदा शिकायला जाण्यापेक्षा इथे कोर्स करून जा म्हणजे खर्च केलेल्या पैशांचं खरं सुख मिळेल. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी डाइव्ह करायची नाही.

बुकिंग करताना किती रुपये एवढंच विचारू नका. एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण? पाण्यात उतरायच्या आधी उथळ जागी सराव करून घेणार का? बोटीवर ऑक्सिजन आहे का? आणि बोटीत सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेट आहेत का? ती जाताना आणि येतानाही अंगात हवीत. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परत येणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. ते पाण्याखाली असताना झालेलं नाही, सगळं संपवून किनाऱ्याला येताना झालंय. आपण वर आलो की जॅकेट काढून फोटो काढत बसतो, तेवढं टाळा.

प्रश्न : व्हिडिओत मासे तोंडाजवळ यावेत म्हणून ब्रेड नेतात ते आपण न्यायचा की तेच देतात? आणि प्रवाळाचा एखादा तुकडा आणता येतो का, शोकेससाठी? (सातारा)

दोन्ही नको, हात जोडून सांगते. पाव हे त्या माशांचं खाणं नाही. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे ब्रेडच्या मागे लागले की ते काम राहून जातं. तुमच्या आधी त्या दिवशी पन्नास जणांनी तेच केलेलं असतं. प्रवाळ हा दगड नाही, तो जिवंत आहे, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, आणि मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तुकडा बॅगेत सापडला तर गुन्हा आहे. पण गुन्ह्याचं सोडा, पायात घालतात त्या फिन्सची एक लाथ लागली तरी हाताएवढी फांदी तुटते, आणि ती उगवायला तुमच्या मुलाची शाळा संपेल एवढी वर्षं लागतात. व्हिडिओवाल्याला आधीच सांगा, ब्रेड नको. दोन मिनिटं एका जागी स्थिर राहिलात तर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे आपणहून येतात आणि मास्कच्या काचेत स्वतःलाच बघत राहतात.

प्रश्न : माझं वय ५२. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, दोन दिवस माडीवर होतो, मग बोटीतून काढलं. तेव्हापासून नदीकडे बघवत नाही. मुलगी म्हणते माझ्याबरोबर तारकर्लीला चल. मला जमेल का, का हसं होईल? (एक वाचक भगिनी, सांगली)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं त्या दिवसांत मीही इथेच होते, आमच्या गल्लीतून बोट जाताना बघितलीय, तो वास अजून आठवतो. हसं कुणाचंच होणार नाही. पुराचं पाणी तुमच्या घरात न विचारता आलं होतं, गढूळ, आत काय आहे ते दिसत नव्हतं. समुद्रात तुम्ही विचारून, तुमच्या वेळेला, गुडघाभर पाण्यापासून जाणार आहात. भीती त्याने जाईल असं मी म्हणणार नाही, मला तसं वचन देता येत नाही, पण माझ्या ओळखीत तुमच्याच पेठेतल्या एक बाई गेल्या होत्या आणि त्या किनाऱ्यावर पाण्यात नुसतं तोंड घालून रेग्युलेटरमधून श्वास घेत अर्धा तास बसून राहिल्या. बोटीत चढल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाल्या चला.

तुम्ही असं करा. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जा, गर्दी नसते. इन्स्ट्रक्टरला पुराचं आधीच सांगा, लपवू नका, म्हणजे तो घाई करणार नाही. पहिल्या दिवशी फक्त मास्क लावून उथळ पाण्यात, रेग्युलेटर तोंडात, आवाज ऐका, घेताना सुंऽ आणि सोडताना गुडगुड, दुसरा काही आवाज नसतो. मुलीला शेजारी ठेवा. आणि एक खूण पाठ करून जा. आपण वरच्या जगात अंगठा वर केला की "मस्त" म्हणतो, पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर ने" असा होतो. तुम्ही अंगठा वर केला की कुणीही का म्हणून विचारत नाही, थांबा म्हणत नाही, तिथूनच सावकाश वर आणतात. पहिल्या मिनिटाला केलात तरी चालेल. उतरायच्या आधी त्यांच्यासमोर ती खूण दोनदा करून दाखवा आणि त्यांनाही परत करून दाखवायला सांगा.